ईमेलचा पत्ता उजवीकडून वाचा

आयकराचं विवरणपत्र भरलं की परताव्याची वाट बघणं सुरू होतं. नेमके तेव्हाच ईमेल येऊ लागतात: 'तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खालील लिंकवर बँकेचा तपशील भरा.' वर विभागाचं बोधचिन्ह, प्रेषक म्हणून विभागाचंच नाव. एरवी सावध असणारी माणसंही इथे फसतात, कारण पैसे खरोखरच यायचे असतात.

प्रेषकाच्या जागी हवं ते नाव घालता येतं, याचं कारण जुनं आहे. ईमेल पोचवण्याचे एसएमटीपी नावाचे नियम जॉन पोस्टेल यांनी 1982 साली मांडले. तेव्हा नेटवर्कवर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, परस्परांवर विश्वास होता. त्यामुळे पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही काहीही लिहावं, तसंच हे.

पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. अमुक डोमेनच्या (म्हणजे संकेतस्थळाच्या किंवा मेलच्या पत्त्यात '@' नंतर येणाऱ्या नावाच्या) नावाने आलेला मेल पाठवायला त्या डोमेनची परवानगी होती का, डिजिटल सही जुळते का, हे मेल स्वीकारणारा सर्व्हर बघतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तपासण्या सक्तीच्या केल्या. पण भामट्याने स्वतःचंच डोमेन विकत घेतलं असेल, तर तोही यात बिनदिक्कत पास होतो! म्हणून पत्ता आपणच वाचायला हवा, आणि तो उजवीकडून.

विभागाचं संकेतस्थळ आहे 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन'. समजा, लिंकमध्ये दिसलं 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम'. डावीकडून वाचणाऱ्याला ते सरकारी वाटतं. मालकी मात्र ठरते शेवटच्या भागावरून, म्हणजे 'अमुकतमुक डॉट कॉम'वरून. त्याच्या डावीकडे मालक मनाला येईल ते लिहू शकतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेषा सोडून पुढे पहिली तिरकी रेषा येते, तिच्या आधी हा पत्ता संपतो. मोबाइलवर लिंक उघडू नका, दाबून धरा, म्हणजे पूर्ण पत्ता दिसतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे फक्त बँकांसाठीचं शेपूट घ्यायला लावलं, ते याचसाठी.

डोळे तरीही फसू शकतात. 2017 साली एका संशोधकाने निव्वळ सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या लिपीतली) अक्षरं वापरून ॲपलच्या पत्त्यासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्रॅम, अशा ठिकाणी फसत नाही. तो अक्षराचा आकार बघत नाही, संगणकातला त्याचा क्रमांक ताडून बघतो आणि जुळला नाही तर पासवर्ड भरतच नाही. तो गप्प राहिला, तर तिथे हाताने पासवर्ड टाकू नका.

खरा परतावा आधी पडताळलेल्या खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी विभाग मेलवर पिन किंवा पासवर्ड मागत नाही. तपशील देऊन बसला असाल, तर आधी बँकेला कळवून खातं, कार्ड बंद करायला सांगा आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी गोठवता आले, तरच ते परत मिळण्याची आशा असते.