पार्श्वभूमी : पोस्टग्रेसमधलं ‘पीजी_एक्सलॉग’ हे नाव का गेलं

पोस्टग्रेस या डेटाबेसची दहावी आवृत्ती २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणाऱ्या बॅकअप व मॉनिटरिंगच्या स्क्रिप्ट एकाएकी एरर देऊ लागल्या. कारण साधं होतं. ‘पीजी_एक्सलॉग’ ही डिरेक्टरी आता ‘पीजी_वॉल’ झाली होती. त्यावरची नाराजी अजूनही अधूनमधून ऐकू येते.

मागचं थोडक्यात. १९८६ साली विद्यापीठातला संशोधन प्रकल्प म्हणून हा डेटाबेस सुरू झाला. १९९५ च्या सुमारास त्याला एसक्यूएल ही प्रश्नभाषा मिळाली. आपल्या विषयाची सुरुवात मात्र २००१ च्या ७.१ आवृत्तीपासून होते. त्याआधी कमिट करताना, म्हणजे बदल पक्का करताना, बदललेली पानं थेट डेटा फाइलींत उतरवावी लागत. ७.१ पासून प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये (राइट-अहेड लॉग, म्हणजे डेटा फाइलींआधी लिहायची बदलांची नोंदवही) नोंदला जाऊ लागला, १६ एमबीच्या एकेका फाइलीत. सर्व्हर मध्येच पडला तर याच नोंदींवरून तो स्वतःला सावरतो.

घात केला तो नावाने. डेटा डिरेक्टरीत ‘पीजी_लॉग’, ‘पीजी_क्लॉग’ आणि ‘पीजी_एक्सलॉग’ शेजारीशेजारी असत. पहिल्यात साधे मजकुरी लॉग. ते उडवले तरी डेटाला धक्का लागत नाही. दुसऱ्यात कोणतं ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) कमिट झालं, कोणतं रद्द झालं याची नोंद. तिसऱ्यात वॉल. मध्यरात्री डिस्क शंभर टक्के भरलेली, सर्व्हर बंद, जागा मोजणारी ‘डीयू’ कमांड चालवल्यावर सगळ्यात फुगलेली डिरेक्टरी एक्सलॉग. लॉगच तर आहेत, असं समजून माणूस फाइली उडवणारी ‘आरएम’ कमांड चालवतो. मग सर्व्हर सुरूच होत नाही. वैध चेकपॉइंट नोंद (जिथून सावरायला सुरुवात करायची ती खूण) सापडत नाही, एवढंच सांगतो. ‘पीजी_रीसेटएक्सलॉग’ या टूलने तो जबरदस्तीने उठवता येतो, पण आतला डेटा सुसंगत आहे याची खात्री उरत नाही. डंप (डेटाची पूर्ण प्रत) काढायचा, ‘इनिटडीबी’ने नवी रिकामी डेटा डिरेक्टरी बनवायची, डंप परत भरायचा, आणि काय गमावलं ते शोधत बसायचं.

नाव बदलायला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की मॅन्युअल न वाचणाऱ्यांसाठी वाचणाऱ्यांच्या स्क्रिप्ट का मोडायच्या? त्यातच बदल डिरेक्टरीपुरता राहिला नाही. सुसंगतीसाठी फंक्शन आणि टूलही बदलली : ‘पीजी_स्विच_एक्सलॉग’चं ‘पीजी_स्विच_वॉल’, ‘पीजी_रिसीव्हएक्सलॉग’चं ‘पीजी_रिसीव्हवॉल’. ‘क्लॉग’ची ‘पीजी_एक्सअ‍ॅक्ट’ झाली आणि साध्या लॉगची डीफॉल्ट डिरेक्टरी नुसती ‘लॉग’.

मोडलेल्या स्क्रिप्टचा त्रास खरा आहे. पण स्क्रिप्ट दुपारभरात दुरुस्त होते, उडालेलं वॉल परत येत नाही. टर्मिनलवर ‘नक्की उडवू का?’ असं विचारणारं कोणी नसतं. तिथे फाइलीचं नाव हीच सूचना असते. म्हणून हा निर्णय योग्यच होता, फक्त यायला सोळा वर्षं लागली.

डिरेक्टरी मुळात फुगते का, हा प्रश्न मात्र नावाने सुटत नव्हता. बहुतेकदा वॉलच्या भरलेल्या फाइली दुसरीकडे जपून ठेवणारी आर्काइव्ह कमांड फेल होत असते, किंवा २०१४ च्या ९.४ आवृत्तीत आलेला एखादा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसारख्या वाचकाने वॉल कुठवर वाचलं याची नोंद) सोडून दिलेला असतो. त्या स्लॉटचा वाचक परत येईल म्हणून सर्व्हर वॉल राखून ठेवतो, तो येतच नाही आणि डिस्क भरते. २०२० च्या तेराव्या आवृत्तीत ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ हे सेटिंग आलं आणि स्लॉटसाठी किती वॉल राखायचं याला मर्यादा घालता येऊ लागली. तिचं डीफॉल्ट मूल्य उणे एक, म्हणजे अमर्याद; ती आपणच ‘कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलीत लिहायची. आणि फेल होणाऱ्या आर्काइव्ह कमांडला ही मर्यादा लागूच होत नाही. तिथे आर्काइव्हिंगची यशापयशं दाखवणाऱ्या ‘पीजी_स्टॅट_आर्काइव्हर’ या व्ह्यूवर नजर ठेवावी लागते.