सौर विद्युत प्रकल्प (सोलापूर परिसर)

सौर विद्युत प्रकल्प : जमिनीवर सौरपट्ट्यांच्या (सोलर पॅनेलच्या) रांगा उभारून तयार झालेली वीज थेट उपकेंद्राला देणारी योजना. साधारणतः १ मेगावॅट व त्यावरील क्षमतेच्या प्रकल्पांना ही संज्ञा लावतात. घरांच्या छपरांवरील संच तीत धरत नाहीत. ‘सौरशेती’ हा शब्द अलीकडे रूढ होत आहे. पण पट्ट्यांखाली पीक घेण्याच्या पद्धतीलाही तोच लावला जात असल्याने येथे तो टाळला आहे.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो व पावसाळा सोडल्यास आकाश बहुधा निरभ्र असते. मात्र ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूत बरोबर नाही. पट्टीला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. पट्टीचे तापमान २५° से.च्या वर गेले की दर अंशाला उत्पादन सु. ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात हवा ४२° से. असताना पट्टी साठीच्या पुढे तापते, म्हणजे दहा-बारा टक्के वीज तिथेच जाते. एका मेगावॅटला ४ ते ५ एकर जमीन लागते व वर्षाला सु. १५ ते १७ लाख युनिट मिळतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मुख्य लाभ दिवसाच्या विजेचा. कृषी वाहिनीला (शेतीपंपांना वीज पुरविणाऱ्या तारमार्गाला) थ्री-फेज वीज आलटून-पालटून दिवसा व रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत बॅटरीच्या उजेडात उसाला दारे धरणे, स्टार्टर पडला की अंधारात विहिरीपर्यंत जाणे आणि सरीत घोणस निघणे यांत जिल्ह्याला नवे काही नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच प्रकल्प उभारून त्याची वीज कृषी वाहिन्यांना देण्याची कल्पना आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२३) खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल ५ लाख रुपये देण्याचीही तरतूद आहे. कायम रोजगार मात्र थोडा : उभारणीचे काही महिने सरले की राखण, गवतकापणी व पट्ट्या पुसणे एवढेच काम उरते.

हवेचा लाभ सर्वज्ञात आहे. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किग्रॅ.च्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड धरला, तर मेगावॅटमागे वर्षाला सु. ११०० टन टळतो. सोलापूरसाठी पाण्याची बाजू अधिक महत्त्वाची मानावी लागेल. फताटेवाडी येथील १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उजनी धरणाच्या पाण्यावर चालते. औष्णिक विजेला १००० युनिटमागे ३ घनमीटर पाणी धरल्यास, एका सौर मेगावॅटइतक्या विजेसाठी वर्षाला जवळजवळ ४८ लाख लिटर लागेल. उलट पट्टीला दोन लिटर व महिन्यातून दोन धुण्या धरल्या, तरी तेवढ्याच क्षमतेच्या प्रकल्पाला लाखभर लिटर पुरते. टँकरच्या गावात तेही थोडे नव्हे. म्हणून काही ठिकाणी कोरड्या ब्रशाची यंत्रे वापरतात.

जमिनीचा प्रश्न वादग्रस्त आहे. हे प्रकल्प ‘पडीक’ जमिनीवर उभारावेत, असा सर्वसाधारण आग्रह असतो. पण महसुली दप्तरातील पडीक आणि प्रत्यक्षातील माळरान यांत पुष्कळदा फरक नसतो. जुन्या वनशास्त्रीय मतानुसार दख्खनचे माळ हे तोड व चराईमुळे खालावलेले जंगल होय. या मताप्रमाणे तेथे पट्ट्या बसविल्याने फारसे काही बिघडत नाही. दुसऱ्या मतानुसार विरळ काटेरी झाडांची ही गवताळ भूमी मूळचीच आहे. जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून काही अभ्यासकांनी ती निदान साडेसातशे वर्षांपूर्वीची असावी असे २०२५ मध्ये मांडले. साहित्यातील उल्लेखांवरून भूभागाचे वय ठरविण्यास मर्यादा आहेत हे खरे; पण हिवर, बोर, खैर यांसारखी उन्हाची झाडे पुन्हापुन्हा येतात, हे पहिल्या मताने समाधानकारकपणे उलगडत नाही.

हा वाद केवळ पुस्तकी नाही, कारण माळढोक हा मोठा पक्षी अशाच माळरानावर राहतो. नान्नज येथील माळढोक अभयारण्य (स्थापना १९७९) मूळ सु. ८,४९६ चौ. किमी. होते, ते पुढे सु. १,२२२ चौ. किमी.वर आणले गेले. गावे, शेते व रस्ते यांवरील निर्बंध हे त्यामागचे मोठे कारण होते. माळढोकाला पुढचे फारसे दिसत नाही व जड शरीरामुळे तो चटकन वळूही शकत नाही. त्यामुळे पट्ट्यांपेक्षा प्रकल्पातून निघणाऱ्या तारा त्याला अधिक घातक ठरतात. राजस्थान व गुजरातमधील तारा भूमिगत करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश २०२४ मध्ये सौम्य होऊन विषय तज्ज्ञ समितीकडे गेला. काळवीट, लांडगा व खोकड यांना त्रास मुख्यतः कुंपणाचा.

गायरानावरील प्रकल्पाचे भाडे मेंढपाळाच्या हाती येत नाही. त्याची दख्खनी मेंढरे मात्र कुंपणाबाहेर राहतात. पट्ट्यांखाली सावलीमुळे गवत टिकते, आणि ते कापण्यासाठी कंत्राटदार मजूर लावतो. पट्ट्या जमिनीपासून पुरेशा उंच बसवून मेंढरे आत सोडणे परदेशांत रुळले आहे.

करार बहुधा २५ वर्षांचे असतात. निकामी पट्ट्या २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली येतात.