चिखलापासून तळ्यापर्यंत: उपवासकाळातील जन्मांधाच्या वाचनाची पार्श्वभूमी

उपवासकाळाच्या (लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या) चौथ्या रविवारी, दर तीन वर्षांतून एकदा, कॅथलिक चर्चच्या मिस्सामध्ये (मुख्य उपासनेत) योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचला जातो. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाला येशूने दृष्टी दिली, ती ही कथा. ४१ वचनांचे हे वाचन भरपूर लांब आहे. ते कोणत्या वर्षी येते हे काढणे सोपे आहे: सालाला ३ ने भागावे, बाकी १ उरली तर ते तीन वर्षांच्या वाचनक्रमातले 'अ' वर्ष, आणि हे वाचन त्याच वर्षी येते. २०२६ ला भागले की बाकी १ उरते, म्हणून त्या साली हे वाचन १५ मार्चला. बाकी २ उरली तर 'ब' वर्ष, काहीच उरले नाही तर 'क' वर्ष.

उपवासकाळातल्या मनन-चिंतनात 'आध्यात्मिक दृष्टी' हा विषय निघाला की बहुतेक वेळा याच अध्यायाचा आधार घेतला जातो. पण हा अध्याय उपवासकाळात कसा आला हे ठाऊक नसेल, तर मनन 'आपण मनाने आंधळे आहोत, डोळे उघडा' एवढ्यावरच थांबते. या वाचनाची मुळे बाप्तिस्म्याच्या तयारीत आहेत. ती समजली की कथेतला विश्वासाचा भागही नीट दिसू लागतो.

सुरुवात चाळीस दिवसांपासून करू. ३२५ सालच्या निकेया येथील बिशपांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात या काळाचा उल्लेख 'तेस्साराकोस्ते', म्हणजे 'चाळीस दिवसांचा काळ', असा आहे. लॅटिन 'क्वाद्राजेसिमा' आणि पोर्तुगीज 'क्वारेस्मा' यांचा अर्थही 'चाळिसावा', आणि गोव्यातला 'करेझ्म' हा शब्द तिथूनच आला. प्रत्यक्षात राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० उरतात, कारण रविवारी उपवास नसतो. पोप ग्रेगरी पहिला (मृत्यू ६०४) यांच्या काळी रोममध्ये सहा आठवडेच धरत, म्हणजे उपवासाचे ३६ दिवस. ग्रेगरींनी त्याला वर्षाचा दशांश म्हटले आहे. पुढे त्याआधीचे चार दिवस जोडून चाळीस पुरे केले आणि काळाची सुरुवात बुधवारवर गेली.

पण सुरुवातीच्या शतकांत हा काळ मुख्यतः कुणासाठी होता? पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढ दीक्षार्थींसाठी. चौथ्या शतकाच्या शेवटी एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने जेरुसलेममधली रीत लिहून ठेवली आहे. उपवासकाळाच्या आरंभी उमेदवारांची नावे नोंदली जात. मग बिशप एकेकाला समोर बोलावून त्याच्या शेजाऱ्यांना विचारत: हा चांगल्या चालीचा आहे का? आईवडिलांचा मान राखतो का? दारूडा किंवा खोटारडा तर नाही ना? परगावचा असेल आणि ओळखीचा साक्षीदार नसेल, तर त्याला सहजी घेत नसत. त्यानंतर ४० दिवस रोज सकाळी तीन तास शिकवण चाले. उपवासकाळातल्या रोजच्या मननाचा एक उगम इथे आहे.

आता योहान ९ पुन्हा वाचा. तिथेही शेजाऱ्यांना विचारतात, 'भीक मागत बसायचा तो हाच ना?' तिथेही आईवडिलांना बोलावतात. हा योगायोग तयारीला लागलेल्या उमेदवाराला जाणवल्याशिवाय राहिला नसेल.

बाप्तिस्म्याला 'प्रकाश मिळणे' म्हणण्याची पद्धत त्याहूनही जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन हुतात्म्याने आपल्या पहिल्या समर्थनपत्रात या स्नानाला प्रकाशदान म्हणतात असे लिहिले. जेरुसलेमचे बिशप सिरिल ज्यांना शिकवत, त्या उमेदवारांना 'प्रकाशित होत असलेले' असेच म्हटले जाई. संत ऑगस्टीन यांनी योहानावरच्या ४४व्या प्रवचनात हा धागा नेमका पकडला. जन्मांध म्हणजे सारी मानवजात, असे ते म्हणतात. दीक्षार्थीबद्दल त्यांचे म्हणणे असे की त्याच्या डोळ्यांना लेप लागला आहे, पण तो अजून धुतलेला नाही. ही अवस्था ऑगस्टीन यांनी स्वतः अनुभवली होती. ३८७ साली मिलानमध्ये त्यांना बिशप अँब्रोझ यांच्याकडून बाप्तिस्मा मिळाला.

बाप्तिस्म्यापूर्वी दीक्षार्थींसाठी 'स्क्रुतिनियुम' म्हणजे अंतःकरणाच्या तपासणीचे विधी होत. त्यांत प्रश्नोत्तरांची परीक्षा नसते. मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि दुष्टशक्तीपासून सोडवणूक मागतात. रोममध्ये हे विधी आधी उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी होत. पुढे प्रौढ उमेदवार कमी झाले, तान्ह्या बाळांचे बाप्तिस्मे वाढले. सातव्या शतकाच्या सुमारास विधींची संख्या तीनवरून सातवर गेली आणि ते आठवड्यातल्या इतर दिवसांवर सरकले. त्याबरोबर वाचनेही रविवारातून निघाली. जन्मांधाची कथा चौथ्या आठवड्याच्या बुधवारी गेली आणि शतकानुशतके तिथेच राहिली. त्या दिवशी रोममध्ये मिस्सा शहराच्या तटाबाहेरच्या संत पौलाच्या महामंदिरात होई. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर तीन दिवस दृष्टी गेलेला, बाप्तिस्म्याच्या वेळी ती परत मिळालेला पौल! या वाचनाला याहून समर्पक जागा सुचणे कठीण आहे.

रविवारी चर्चला येणाऱ्या सामान्य भाविकाला मात्र ही कथा उपवासकाळात मिस्सात फारशी ऐकू येईनाशी झाली. शिवाय मिस्सा लॅटिनमध्ये. आपल्याकडे येशूचे चरित्र लोकांच्या भाषेत पोचले ते ओव्यांतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. पण ओव्या वेगळ्या आणि मिस्सातले वाचन वेगळे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात दोन गोष्टी सांगितल्या: पवित्र शास्त्राचा खजिना लोकांपुढे अधिक उघडा, आणि उपवासकाळाचा बाप्तिस्म्याशी असलेला संबंध पुन्हा ठळक करा. १९६९ च्या वाचनक्रमाने 'अ' वर्षात शोमरोनी स्त्री (योहान ४), जन्मांध (योहान ९) आणि लाजार (योहान ११) ही तीन वाचने तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी परत आणली. १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा विधी आला आणि तीन तपासण्या याच रविवारांना पुन्हा जोडल्या गेल्या. चर्चमध्ये दीक्षार्थी असतील तर 'ब' आणि 'क' वर्षांतही ही वाचने घेता येतात. पुढे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या सामायिक वाचनक्रमानेही योहान ९ इथेच ठेवले. पौर्वात्य बायझंटाईन परंपरेत मात्र 'आंधळ्याचा रविवार' पुनरुत्थानानंतर येतो, म्हणजे बाप्तिस्मा झाल्यावर.

आता कथेच्या आत जाऊ. येशू जमिनीवर थुंकतो, चिखल करतो आणि आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो. तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा. यहुदी परंपरेने मना केलेल्या ३९ कामांत मळणे-कालवणे हे एक आहे, म्हणून परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) चिखल कालवण्यावरून वाद पेटवतात. मग येशू फक्त एवढेच म्हणतो: 'जा, शिलोहाच्या तळ्यात धू.' 'तुला दिसेल' असे तो म्हणत नाही, हे सहज नजरेतून सुटते. माणूस डोळ्यांवर चिखल घेऊन आंधळाच चालत जातो. त्याचा विश्वास दृष्टीच्या आधीचा आहे.

ते तळे आता आपल्याला ठाऊक आहे. यहूदाच्या हिज्कीया राजाच्या काळातल्या सुमारे ५३३ मीटर लांबीच्या बोगद्यातून गीहोन झऱ्याचे पाणी तिथे येते. २००४ साली जेरुसलेममध्ये सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना दगडी पायऱ्या लागल्या. पुरातत्त्वज्ञ रॉनी राइख आणि एली शुक्रोन यांनी उत्खनन केले. पाच पायऱ्या, मग रुंद टप्पा, पुन्हा पाच पायऱ्या अशी रचना निघाली. तळ्याची एक बाजू जवळपास ७० मीटर भरते. मंडपांच्या सणात (यहुद्यांच्या एका मोठ्या सणात) जेरुसलेमच्या मंदिरात ओतायचे पाणी याच शिलोहातून नेत. योहानाचे सातवे आणि आठवे अध्याय त्याच सणाभोवतीचे आहेत, म्हणून 'मी जगाचा प्रकाश आहे' हे वाक्य आणि शिलोहाचे पाणी एका ओळीत येतात. योहान शिलोहाचा अर्थही देतो: पाठवलेला.

माणूस धुऊन परत येतो तेव्हा येशू तिथे नाही. आठव्या वचनापासून चौतिसाव्यापर्यंत येशू कथेत दिसतच नाही. ज्याने दृष्टी दिली त्याला या माणसाने अजून पाहिलेले नाही, आणि त्याच्याच बाजूने त्याला उत्तरे द्यायची आहेत. तो आधी म्हणतो 'येशू नावाचा माणूस' (११), मग 'संदेष्टा' (१७), मग 'देवापासून आलेला' (३३), आणि शेवटी 'प्रभो, मी विश्वास ठेवतो' (३८). डोळे एका क्षणात उघडले, ओळख पटायला मात्र परूश्यांच्या साऱ्या चौकशीतून जावे लागले. आईवडील भीतीने अंग काढून घेतात, कारण सभास्थानातून (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळातून) बहिष्कृत होण्याची धास्ती असते.

मननात चुका होतात त्या इथेच. या वाचनाचे एक संक्षिप्त रूप आहे: १, ६–९, १३–१७, ३४–३८. वेळ वाचतो, पण आईवडील आणि दुसरी चौकशी गळते. येशूच्या गैरहजेरीत टिकलेला विश्वास हाच भाग नेमका कापला जातो. शक्यतो पूर्ण वाचावे. दुसरी चूक अधिक दुखावणारी आहे. अंधत्व म्हणजे पाप, असे समीकरण मांडले जाते. तिसऱ्या वचनात येशूने ते स्पष्ट नाकारले आहे: ना याने पाप केले, ना याच्या आईबापांनी. बाकावर दृष्टिहीन भाविक बसलेला असू शकतो, हे प्रवचन देणाऱ्याने विसरू नये. आणि परूश्यांना 'यहुदी लोक' म्हणून झोडपणेही चूकच, कारण तो माणूस, त्याचे आईवडील, शिष्य आणि स्वतः येशू, सारेच यहुदी होते.

रोज वाचण्याची शिस्तही जुनी आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीच्या ४८व्या प्रकरणानुसार उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाला एक पुस्तक दिले जाई, आणि ते पहिल्या पानापासून क्रमाने, पूर्ण वाचायचे असे. मधलेच पान उघडायचे नाही. कुणी आळस करतो का हे पाहायला एकदोन वडीलधारे मठवासी फिरत.

आजचा वाचनक्रमही चौथ्या आठवड्यापासून योहान क्रमाने घेतो. त्या सोमवारी राजाच्या अंमलदाराची कथा येते (४:४३–५४). काना गावी येशू त्याला म्हणतो, 'जा, तुझा मुलगा जगतो', आणि तो माणूस पुरावा न मागता घरी निघतो. चाकर वाटेत भेटतात ते दुसऱ्या दिवशी. ताप कालच सातव्या ताशी, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास उतरल्याचे ते सांगतात. तोवरची सारी वाट त्याने केवळ एका शब्दावर चाललेली असते. मंगळवारी ३८ वर्षे आजारी असलेला माणूस येतो (५:१–१६), पुन्हा एका तळ्याकाठी.

'ब' आणि 'क' वर्षांत चौथ्या आठवड्याच्या कोणत्याही कामाच्या दिवशी योहान ९ घेण्याची मुभा आहे. त्यासोबत मीखा ७:७–९ आणि २७वे स्तोत्र येते. घरी मनन करायचे असेल तर अध्याय सहा दिवसांत नीट बसतो: सोमवारी १–७, मंगळवारी ८–१२, बुधवारी १३–१७, गुरुवारी १८–२३, शुक्रवारी २४–३४, शनिवारी ३५–४१. रोज भाग मोठ्याने दोनदा वाचावा, एक शब्द धरून ठेवावा, त्यावरच प्रार्थना करावी. पंधरा मिनिटे पुरतात. मंगळवार ते शुक्रवार येशू समोर नसतो, तेव्हा त्या चार दिवसांत पुढचा भाग आधीच उघडून पाहू नये.