बालफुटबॉल प्रशिक्षण

साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉलची ओळख करून देण्याची पद्धत. क्लब, शाळा, वस्तीतली मैदाने अशा ठिकाणी, बहुतेक वेळा हौशी प्रशिक्षकांच्या किंवा मुलांच्याच पालकांच्या हातून हे काम चालते. फुटबॉलच्या कारभारात हा थर ग्रासरूट, म्हणजे पायाभूत स्तरात मोडतो. फिफाचा ग्रासरूट कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला तो ६ ते १२ या वयोगटासाठी. प्रस्तुत नोंद त्यातल्या सर्वांत धाकट्या आणि त्याहूनही लहान मुलांविषयी आहे. मुलाची चेंडूशी गट्टी जमावी, धावणे, थांबणे आणि वळणे अंगवळणी पडावे आणि पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःहून पुन्हा मैदानावर यावे, एवढेच या वयात प्रशिक्षकाने पाहायचे असते. हे वाटते तितके सोपे नाही. मोठ्यांचा खेळ पाहून जे ज्ञान डोक्यात साठलेले असते, त्यातले फारच थोडे येथे कामी येते.

वयाचा स्वभाव

पाच-सहा वर्षांच्या मुलांचा सामना प्रथमच पाहणाऱ्याला मैदानभर एकच झुंबड दिसते. जिकडे चेंडू तिकडे सगळे, मधमाश्यांच्या मोहोळासारखे. मग मैदानाच्या कडेने ‘पसरा, पसरा’ असा आरडाओरडा सुरू होतो. तो व्यर्थ असतो. मूल चेंडूसाठी आलेले आहे. चेंडू सोडून वीस पावले लांब जायचे आणि तो कधीतरी आपल्याकडे येईल म्हणून थांबायचे, हे त्याला मुळात पटतच नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी दोन ते सात वर्षांच्या अवस्थेचे वर्णन करताना असे मांडले, की समोरच्याच्या जागेवरून एखादी गोष्ट कशी दिसत असेल याची कल्पना करणे या वयात जड जाते. त्यांच्या वयोमर्यादा पुढच्या संशोधकांनी बऱ्याच सैल केल्या. मैदानावर मात्र या निरीक्षणाचा पडताळा रोज येतो. पास देताना जोडीदाराला काय दिसते आणि पुढच्या क्षणी तो कुठे असेल हे ताडावे लागते. ते ज्याला अजून जमत नाही अशा मुलाला ‘स्वार्थी’ ठरवणे अन्यायाचे आहे. शिवाय झुंबडीचा फायदाही आहे. दाटीतून चेंडू पायाशी राखत बाहेर काढण्याचा इतका सराव नंतर क्वचितच मिळतो. आठ-नऊ वर्षांच्या सुमारास ती आपोआप विरळ होऊ लागते.

शरीराचीही अशीच गोष्ट. चेंडू मारायचा तर क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो. चार वर्षांचे मूल म्हणून आधी थांबते, चेंडूपाशी पाय जुळवते आणि मग चवड्याने ठोकते. हवेतून येणाऱ्या चेंडूचा वेग आणि टप्पा हेरणारी नजर अजून तयार झालेली नसते, त्यामुळे सगळा खेळ जमिनीवरूनच ठेवावा लागतो. धावण्याची तऱ्हाही मोठ्यांपेक्षा वेगळी: जीव तोडून धावायचे, बसकण मारायची, पुन्हा उठून धावायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारून आनंदाने नाचणारे मूल प्रत्येक संघात एखादे तरी असते. त्यावर हसू नये, टाळी वाजवावी आणि पुढच्या वेळी गोलपोस्टला रंगीत बिब (संघ ओळखू यावा म्हणून शर्टावर चढवायची बिनबाह्यांची बंडी) बांधावे.

छोटे संघ, छोटे मैदान

अकरा जणांच्या सामन्यातल्या गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते. सहा वर्षांच्या मुलाची उंची ११५ सेंमी.च्या आसपास, म्हणजे आडवी दांडी त्याच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर. अशा गोलपोस्टपुढे उभ्या केलेल्या मुलाकडून गोलरक्षणाची अपेक्षा करणे ही चेष्टाच होय. खेळाचे नियम ठरवणारी संस्था लहान मुलांच्या सामन्यांत मैदान, गोलपोस्ट, चेंडू आणि वेळ बदलण्याची मुभा राष्ट्रीय संघटनांना देते. त्यानुसार चेंडू सहसा ३ क्रमांकाचा, सुमारे ६० सेंमी. घेराचा वापरतात, मोठ्यांचा ५ क्रमांकाचा चेंडू ६८ ते ७० सेंमी. घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. ऑफसाइडचा, म्हणजे प्रतिपक्षाच्या बचावामागे आधीच जाऊन चेंडूची वाट पाहण्यास मनाई करणारा, नियम गाळतात. हाताने थ्रो-इन करण्याऐवजी पायाने चेंडू आत आणायलाही अनेक ठिकाणी परवानगी असते.

खेळाडूंची संख्या घटवण्यामागचा हिशेब साधा आहे: मैदानावर चेंडू एकच असतो आणि जितके वाटेकरी जास्त, तितका प्रत्येकाचा वाटा कमी. मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीने २००२–०३ मध्ये ९ वर्षांखालील गटात चार विरुद्ध चार सामने खेळवून त्यांची तुलना आठ विरुद्ध आठ सामन्यांशी करून पाहिली. छोट्या सामन्यांत पास १३५ टक्क्यांनी, एकास एक झुंजी २२५ टक्क्यांनी आणि गोल ५०० टक्क्यांनी वाढले. हे आकडे एका अकादमीतल्या निवडक मुलांचे आहेत, तरी त्यांची दिशा कोणत्याही मैदानावर तपासून पाहता येते.

एकेका देशाने ही दिशा धरली ती मात्र आपापल्या वेळी, आणि बहुधा एखाद्या मोठ्या स्पर्धेत तोंडघशी पडल्यावर. बेल्जियमने २००० च्या युरो स्पर्धेनंतर बालगटाची रचना दोन विरुद्ध दोन, पाच विरुद्ध पाच आणि आठ विरुद्ध आठ अशा पायऱ्यांत बांधली. इंग्लंडच्या संघटनेने २०१२ मध्ये ७ आणि ८ वर्षांखालील मुलांना पाच विरुद्ध पाच खेळवण्याचे ठरवले. ७ वर्षांखालील गट २०२६–२७ च्या हंगामापासून तीन विरुद्ध तीनवर आणण्याचा निर्णयही पुढे झाला. अमेरिकेत २०१७ पासून ८ वर्षांखालच्या मुलांसाठी चार विरुद्ध चार, तेही गोलरक्षकाशिवाय, हे प्रमाण ठरले. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ या नावाने लहानग्यांचे सामने सुरू केले.

सर्वांत धाडसी बदल जर्मनीने केला. तेथे २०२४–२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटात दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, चार छोट्या गोलपोस्टवर खेळणे बंधनकारक आहे. समोरच्या दोनपैकी एका गोलपोस्टची वाट अडवली गेली तर मुलाला मान वर करून दुसरीकडे पाहावेच लागते. ‘मान वर कर’ असे ओरडून जे साधत नाही ते मैदानाची आखणी साधते. ही कल्पना मूळची ‘फुनिनो’ या खेळाची. तो हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने विकसित केला. वाइन स्वतः हॉकीतून फुटबॉलकडे आले होते. गोल झाला की दोन्ही संघ एकेक खेळाडू बदलतात, त्यामुळे बाकावर कोणी फार वेळ खितपत राहत नाही. अनेक मैदाने शेजारीशेजारी आखलेली असतात. जिंकणारा संघ एका मैदानाने वर सरकतो, हरणारा खाली, आणि दोन-तीन फेऱ्यांत जवळपास समान ताकदीची मुले आपोआप समोरासमोर येतात.

सरावाची आखणी

अननुभवी प्रशिक्षकाची आवडती कसरत म्हणजे रांग. दहा मुले ओळीने उभी. पहिल्याने शंकूंमधून चेंडू नेऊन गोलवर मारायचा, मग दुसऱ्याने. प्रत्येकाला पंधरा सेकंद लागतात असे धरले तर फेरी अडीच मिनिटांची होते. पाव तासात एका मुलाला सहाच संधी मिळतात, बाकीचा वेळ ते पुढच्याच्या शर्टाशी खेळते, मातीत रेघा ओढते किंवा ढकलाढकली करते. मग प्रशिक्षक ‘शिस्त नाही’ म्हणून मैदानाला फेरी मारायला लावतो. रांग, फेरी आणि भाषण या तिन्ही गोष्टींनी लहान मुलांचा जितका वेळ खाल्ला आहे तितका पावसानेही खाल्ला नसेल.

त्याऐवजी प्रत्येकाला एकेक चेंडू देऊन सगळ्यांना एकाच चौकटीत सोडतात. स्वतःचा चेंडू सांभाळत दुसऱ्याचा बाहेर उडवायचा, हा खेळ जगभर चालतो. त्यात एक खोच आहे. ज्याचा चेंडू गेला तो बाद, असा नियम ठेवला तर सर्वांत आधी बाहेर बसते ते कच्चे मूल, म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तेच. जाणता प्रशिक्षक बाद हा शब्दच काढून टाकतो: चेंडू आणायचा, पायाच्या तळव्याने दहा वेळा हलके स्पर्श करायचे आणि पुन्हा चौकटीत शिरायचे. एखादे मूल सगळ्यांना भारी पडत असेल तर त्याला फक्त नावडता पाय वापरायला सांगतात. चौकट मोठी केली की चेंडू राखणे सोपे होते, लहान केली की अवघड. त्यामुळे चार शंकू दोन पावले आत-बाहेर सरकवणे हेच बरेचदा प्रशिक्षकाचे मुख्य कसब ठरते. शिवाशिवीचे प्रकार, कमरेला मागे खोचलेले बिब पळवण्याचा शेपटीचा खेळ, मगरीच्या तळ्यातून चेंडू पलीकडे नेण्याचा खेळ हेही याच जातीचे. सत्राचा निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष सामन्याला द्यावा. मुले त्यासाठीच आलेली असतात.

सत्र पाऊण ते एक तासाचे पुरते. सूचना एका दमात संपणारी असावी आणि सांगण्यापेक्षा करून दाखवलेली बरी. ‘तळव्याने चेंडू नियंत्रित कर’ हे पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जाते; ‘चेंडूला पायाखाली झोपव’ म्हटले की ते लगेच करते. सामन्यात कडेवरून ‘मार! डावीकडे! परत ये!’ असा सतत मारा करणारा प्रशिक्षक मुलाच्या वाट्याचा विचार स्वतःच करून टाकतो. खेळ थांबल्यावर ‘तिकडे जागा मोकळी होती, दिसली का?’ एवढे विचारणे पुरते. आणि बुटांच्या नाड्या! त्या बांधण्यात सत्रातला किती वेळ जातो याची कल्पना कोणत्याही अभ्यासक्रमात दिलेली नसते. वेलक्रोचे बूट आणा, ही पालकांना दिलेली पहिली सूचना असायला हरकत नाही.

गुणतक्ते आणि पालक

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये बालक्रीडेसाठी नियमावली केली आणि २००७ मध्ये तिला मुलांच्या हक्कांची जोड दिली. मूल ज्या वर्षी ११ वर्षांचे होते त्याआधी निकाल, तक्ते आणि क्रमवारी तेथे लावता येत नाही. इंग्लंड, बेल्जियम आणि जर्मनीतही लहान गटांचे तक्ते बंद झाले. ‘मुले तरी गोल मोजतातच की’ हा त्यावरचा ठरलेला आक्षेप. मोजतात हे खरे, आणि सरबत मिळेपर्यंत विसरतातही. तक्ता लागला की मोजणी मोठ्यांच्या हाती जाते, आणि शेवटची पाच मिनिटे उरली असताना कमजोर मुलाला बाहेर बसवण्याचा मोह तेथूनच सुरू होतो. प्रत्येकाला समान वेळ खेळवणे ही या वयातली किमान अट मानली जाते.

पालकांसाठी मैदानाच्या एका बाजूला वेगळी रेषा आखण्याची पद्धत अनेक क्लबांत आहे. टाळ्या वाजवाव्यात, नावे घेऊ नयेत, सूचना देऊ नयेत. पाळणे सर्वांत कठीण जाते ते शेवटचे.

निवडीचा घोळ

वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले एकाच गटात खेळतात. सहाव्या वर्षी हे जवळपास वर्षाचे अंतर म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा होतो. मोठे मूल अधिक उंच, अधिक वेगवान असते. त्यालाच ‘गुणी’ समजून जास्त खेळवले जाते, आणि जास्त खेळल्यामुळे ते खरोखरच पुढे जाते. सापेक्ष वयाचा हा परिणाम आइस हॉकीत १९८० च्या दशकात दाखवला गेला आणि नंतर फुटबॉलच्या युवा संघांतही वारंवार आढळला. सात वर्षांच्या मुलांच्या ‘अ’ आणि ‘ब’ संघांची यादी लावणारा क्लब बरेचदा जन्मतारखांचीच यादी लावत असतो. एकाच मुलाला कायम गोलरक्षक किंवा बचावपटू करणे हीदेखील एक प्रकारची निवडच. म्हणून जागा आलटूनपालटून देतात.

सुरक्षितता

सुटी गोलपोस्ट उलटून मुलांना गंभीर इजा, प्रसंगी मृत्यूही झालेले आहेत. त्यामुळे ती जमिनीत खिळवणे किंवा वजनाने दाबून ठेवणे अत्यावश्यक ठरते. लोंबकळणे सक्त मना. नडगीरक्षक खेळाच्या नियमांनुसार सर्वांनाच बंधनकारक आहेत. मैदानावर किमान दोन मोठी माणसे असावीत आणि मूल कोणाबरोबर घरी जाणार हे आधीच ठरलेले असावे.

डोक्याने चेंडू मारण्यावर, म्हणजे हेडरवर, अलीकडे कडक बंधने आली. अमेरिकेच्या संघटनेने २०१५ मध्ये, एका खटल्यानंतर, १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडरची बंदी केली. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात स्कॉटलंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू चेताऱ्हासाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या पेशी झिजवणाऱ्या, आजारांनी मृत्यू पावण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. त्यानंतर २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे ११ वर्षांखालील मुलांच्या सरावातून हेडर वगळण्यात आले. २०२४–२५ पासून इंग्लंडमध्ये सामन्यांतही, ७ ते ९ वर्षांखालील गटांपासून सुरुवात करून, ते टप्प्याटप्प्याने हटवले जात आहे. मुद्दाम हेडर केल्यास प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी) मिळते.