पुस्तकातला नियम आणि टेबलावरचा नियम

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि आपापलं पात्र वठवत खेळायचा खेळ. अशा खेळावर बेतलेला नवा रोलप्लेइंग व्हिडिओ गेम आला की तोच वाद नव्याने सुरू होतो. एक म्हणतो, ‘मूळ नियम पाळलेच नाहीत.’ दुसरा म्हणतो, ‘व्हिडिओ गेममध्ये ते जमणारच नाही.’ दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तोंडी शब्द मात्र एकच : प्रामाणिक. पण कशाशी प्रामाणिक? नियमपुस्तकाशी, की टेबलाभोवती बसून जो खेळ होतो त्याच्याशी? या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांची गल्लत आता खूप झाली.

पुस्तकाशी प्रामाणिक असणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे : वीस बाजूंचा फासा, आर्मर क्लास (वार लागायला किती आकडा हवा ते), स्पेल स्लॉट (किती मंत्र वापरता येतील त्याचा हिशेब), सगळे आकडे जसेच्या तसे. २००३ सालचा ‘टेंपल ऑफ एलिमेंटल इव्हिल’ हा याचा उत्तम नमुना. डी अँड डीच्या ३.५ आवृत्तीची लढाई त्यात फार निष्ठेने उतरली आहे.

किरकोळ फरकांवर रक्त आटवू नये. दुसऱ्या आवृत्तीत एक राउंड (लढाईतली सगळ्यांची एकेक पाळी) मिनिटभराचा होता, १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ने तो सहा सेकंदांचा केला. काहीही बिघडलं नाही. पाचव्या आवृत्तीवर बेतलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये औषधाची बाटली प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागत नाही, बोनस अ‍ॅक्शन (जोडीची छोटी कृती) पुरते. कितीतरी टेबलांवर आधीपासून असंच खेळतात. सोडून द्या.

खरी मेख एकाच ठिकाणी आहे : फासा टाकायचा की नाही, हे ठरवतं कोण?

पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं प्लेअर्स हँडबुक सांगतं की अपयशाची शक्यता असेल, निकाल अनिश्चित असेल, तेव्हा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) फासा टाकायला सांगतो. त्यात आकडा नाही म्हणून लोक ते वाचून पुढे जातात. पण कौशल्याचे सगळे आकडे त्याच्याच आधारावर उभे आहेत.

टेबलावर काय होतं ते बघा. साधं कुलूप, मागे कोणी लागलेलं नाही, हाताशी हवा तेवढा वेळ.

“मी कुलूप उघडते.”

“उघडलं. आत काळोख आहे, आणि कोणाच्या तरी श्वासाचा आवाज येतोय.”

फासा कोणी उचललाच नाही. आता तेच कुलूप, पण जिन्यावर पहारेकऱ्याची पावलं वाजताहेत. डीएम म्हणतो, “टाक.” फाशावर एक पडतो. “कुलूप उघडलं, पण खट्कन आवाज झाला. पावलं थांबली. काय करतेस?” डाव फसला, तरी खेळ पुढेच सरकला.

आता ‘बाल्डर्स गेट ३’. पुस्तकाप्रमाणे हल्ल्याच्या फाशावर एक पडला तर वार हमखास चुकतो, पण कौशल्याच्या फाशाला असा नियम नाही. फाशावरच्या आकड्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं असतं; ते अधिक नऊ असेल आणि कुलपाला एकूण दहा लागत असतील, तर एक पडूनही ते उघडायला हवं. गेममध्ये मात्र एक म्हणजे अपयश, बाकीची बेरीज काहीही असो. लोक चिडतात ते ‘नियम मोडला’ म्हणून. चिडणं बरोबर आहे, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे. हा नियमही कितीतरी टेबलांवर चालतो, कारण तिथे तरबेज माणसाला साध्या कुलपासाठी डीएम फासा टाकायला लावतच नाही. गेम लावतो, आणि जवळपास प्रत्येक वेळी लावतो. वीस कुलपं उघडायला गेलात, तर निदान एकदा तरी एक पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. आणि पडल्यावर काय होतं? कुलूप उघडायचं हत्यार मोडतं, तुम्ही दुसरं काढता आणि पुन्हा फासा टाकता. किंवा एफ८ दाबून सेव्ह लोड करता, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या जागेपासून खेळ पुन्हा सुरू करता. ना पावलं थांबतात, ना कोणी जागं होतं. ज्या फाशाने काहीच पणाला लागत नाही, तो फासा पुस्तकातून हुबेहूब उचललेला असला तरी टेबलाशी बेइमान आहे.

याच्या उलट २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’ पाहा. तो कोणत्याही छापील नियमपुस्तकावर बेतलेला नाही, त्यात सहा बाजूंचे दोन फासे आहेत. पांढरी चाचणी हुकली तर कौशल्य वाढवून पुन्हा करता येते, लाल एकदाच. आणि हुकल्यावर पुष्कळदा यशापेक्षा सरस प्रसंग वाट्याला येतो. डीएम नसतानाही डीएमचं काम त्या लेखकांनी आधीच करून ठेवलंय. मला टेबलाची आठवण सगळ्यात जास्त याच गेमने करून दिली.

म्हणून माझं मत पक्कं आहे : लढाईत पुस्तक, लढाईबाहेर टेबल. लढाईत डीएमसुद्धा बहुतांशी पुस्तकाला धरूनच चालतो, जागा आणि पाळी मोजून खेळतो, आणि संगणक ते काम चोख करतो. तिथे काटछाट केली तर मला खटकतं. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये रेडी अ‍ॅक्शन नाही. दारातून शत्रू आत आला की बाण सोडायचा, एवढी साधी योजना त्यात आखता येत नाही. २०२१ च्या ‘सोलास्टा’मध्ये ती आहे, आणि तिच्यामुळे एखादा अरुंद दरवाजा अडवून धरण्यात काय मजा येते, हे एकदा खेळून पाहाच.