मागे म्हणणं आणि सोबत म्हणणं: इंग्रजी बोलण्याचा सराव करायच्या दोन रीती

यूट्यूबवर 'स्पोकन इंग्लिश' शोधलं की दोन तऱ्हेचे व्हिडिओ हमखास समोर येतात. एकात बाई एक वाक्य म्हणून थांबतात, मग ते आपण म्हणायचं. दुसऱ्यात थांबणं नाहीच. आवाज चालू असतानाच, एखाद्या शब्दाच्या अंतराने, आपणही त्याच्या मागोमाग बोलत राहायचं. पहिलं 'लिसन अँड रिपीट', दुसरं 'शॅडोइंग'. पुष्कळदा व्हिडिओवर नाव एकाचं असतं आणि आत सराव दुसऱ्याचा. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात: ऐकायचं आणि मोठ्याने म्हणायचं.

दोन्हींचे नमुने आपल्या घरातच आहेत, संथा आणि आरती. संथेत गुरुजी चरण म्हणतात, थांबतात, शिष्य म्हणतो, आणि उच्चार चुकला तर तिथेच अडवला जातो. आरतीत कोणी कोणासाठी थांबत नाही. येत नसलेले शब्द पुटपुटत, शेजारच्याच्या आवाजावर स्वार होत आपण पुढे जातो, आणि चाल-ठेका लहानपणीच पक्का होतो. पण 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' आणि 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' कित्येकांच्या तोंडी जन्मभर तसंच राहतं, कारण टाळांच्या गजरात आपली चूक आपल्यालाच ऐकू येत नाही. शॅडोइंगचं बळही हेच आणि खोटही हीच.

आधी मागे म्हणण्याचं पाहू. इथे वाक्य संपल्यावर ते डोक्यात धरून ठेवावं लागतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांनी दाखवून दिलं की सुमारे दोन सेकंदांत बोलून होईल एवढंच आपण असं घोळवत ठेवू शकतो. शब्द अनोळखी असतील तर त्याहूनही कमी. म्हणून नवशिक्याला दहा-बारा शब्दांचं वाक्य देऊन 'रिपीट' म्हणणं हा छळ आहे. सुरुवातीचे तीन शब्द येतात, शेवटचे दोन येतात, मधलं गायब. अशा वेळी स्वतःला 'ढ' ठरवण्याआधी वाक्याचे तुकडे करावेत. 'आयड लाइक', मग 'अ कप ऑफ टी', मग सगळं एकत्र.

त्या मधल्या थांब्यात आणखी एक गोष्ट घडते: मराठी हळूच आत शिरते. कानावर 'व्हेस्ट' पडतं, तोंडातून 'वेस्ट' येतं. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात लागतच नाहीत. 'शिप' आणि 'शीप'चंही तसंच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक लिहिताना जेवढा काटेकोर, तेवढा बोलताना राहत नाही, म्हणून आपला कान तिकडे फारसं लक्ष देत नाही. मागे म्हणण्याचा खरा फायदा हा की थांबा असल्यामुळे हे पकडता येतं. मोबाइलवर मूळ वाक्य आणि आपलं वाक्य लागोपाठ रेकॉर्ड करून ऐकलं की कुणी सांगावं लागत नाही. (स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच लाज वाटते. ती दोन-चार दिवसांत जाते.)

शॅडोइंगमध्ये असली तपासणी करायला उसंत नसते. त्याची कमाई वेगळी आहे, ती लयीची. मराठीत आपण अक्षरांना साधारण सारखाच वेळ देतो. इंग्रजीत एखाद्या अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची चेपली जातात. 'कम्फर्टेबल' बोलताना 'कम्फ्टबल' होतं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण 'फटॉग्रफी' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. 'कप ऑफ टी' भरभर बोलताना 'कपव टी' होतो. हे नियम सांगून तोंडात बसत नाहीत. चालत्या आवाजाबरोबर बोललं की मात्र 'कप, ऑफ, टी' असं एकेक मोजत बसायला वेळच उरत नाही, आणि चेपायचं ते आपोआप चेपलं जातं.

पण इथे एक मेख आहे. शॅडोइंग भाषाशिक्षणात गाजलं ते बऱ्याच उशिरा. आज इंटरनेटवर त्याचा प्रसार ज्यांच्या नावाने होतो ते अमेरिकन बहुभाषक अलेक्झांडर अर्ग्वेयेस झपझप चालत, मोठ्या आवाजात ते करायला सांगतात. त्याच्या कितीतरी आधी, १९५३ साली, ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी ही रीत लक्ष कसं चालतं हे तपासायला वापरली होती. माणसांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडायचे आणि एका कानातला मागोमाग बोलायला सांगायचं. ते लोकांना जमलं. पण चेरींच्या लक्षात आलं की असं बोलताना त्यांचा आवाज सपाट व्हायचा, आणि आपण काय बोललो याचा त्यांना नीट पत्ताही नसायचा. हे सगळं स्वतःच्या मातृभाषेत!

म्हणजे अनोळखी मजकुरावर शॅडोइंग केलं तर ज्या लयीसाठी ते करायचं तीच हाती लागत नाही. म्हणून 'पहिल्या दिवसापासून शॅडोइंग करा' हा सल्ला मला पटत नाही. अर्ध्या मिनिटाचा एक संवाद घ्यावा, लिखित मजकुरासह. आधी अर्थ समजून घ्यावा, मग तुकड्या-तुकड्याने मागे म्हणावं, आणि कागद मिटून वाक्यं येऊ लागली की तोच संवाद सोबत म्हणावा. रोज नवा व्हिडिओ शोधण्यापेक्षा आठवडाभर एकच घासलेला बरा. मागे म्हणायला एका जागी बसावं लागतं, बोट सारखं पॉजवर असतं. सोबत म्हणणं भांडी घासतानाही होतं.

वेगाचा हिशोबही दोन्हींना वेगळा लागतो. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली शिकणाऱ्यांसाठी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. सुमारे १५०० शब्दांचा साठा आणि नेहमीच्या बातम्यांपेक्षा एक तृतीयांश कमी वेग. मागे म्हणायला अशी सामग्री उत्तम. सोबत म्हणायला मात्र ती थोडी दगा देते, कारण सावकाश बोलताना शब्द सुटे पडतात आणि 'कपव टी' पुन्हा 'कप ऑफ टी' होतो. लयीसाठी नेहमीच्या वेगाचा, पण छोटा तुकडा घ्यावा.

आणि दोन्ही रीतींत वाक्य दुसऱ्याचंच असतं. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत लँग्वेज लॅबचं मोठं प्रस्थ होतं. विद्यार्थी हेडफोन लावून वाक्यं घोकत, ती अस्खलित म्हणतही, पण समोरच्याने अनपेक्षित काही विचारलं की अडकत. यावर साधा उपाय आहे. संवाद तोंडात बसला की फोन बाजूला ठेवायचा आणि त्यातलं एकेक पद बदलायचं. 'आयड लाइक अ कप ऑफ टी'चं आधी 'अ ग्लास ऑफ वॉटर', मग 'अ विंडो सीट', आणि मग जे आपल्याला उद्या साहेबांसमोर खरंच बोलायचंय ते: 'आयड लाइक टू चेंज माय शिफ्ट.'