घरातल्या कापसाची खाज: कोळी कापूस खात नाही

मालेगाव, येवला, नांदगावकडे चांगला भाव मिळण्याची वाट पाहत कापूस घरातच साठवला की अंगाला खाज सुटते. मग सांगतात, शेतातला लाल कोळी (पिकावरचा अगदी बारीक किडा) घरात आला, ढिगावर औषध मारा.

हे चूक आहे. लाल कोळी हिरव्या पानाचा रस शोषतो, सुक्या कापसात तो टिकत नाही. चावणारा कोळी वेगळा, आणि तो धागाही खात नाही. तो जगतो गुलाबी बोंडअळीवर. कापसातल्या एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या (कापसाच्या बिया) नखाने फोडा, आत बहुतेक वेळा अळी सापडते. या कोळ्याची मादी अळीला चिकटून मोत्यासारखी फुगते. भिंगातून स्पष्ट दिसते. अळ्या कमी पडल्या की तो माणसाला चावतो. पुरळ काही तासांनी उठतं, म्हणून कारण लक्षात येत नाही. तो कातडीत घर करत नाही, त्यामुळे खरजेचं मलम लावून उपयोग नाही.

कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस वेचतानाच वेगळा ठेवा, घरात आणूच नका. बाकीचा उन्हात वाळवा. सरकी दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. ओलावा 8 ते 12 टक्के हवा. ढिगावर झोपू नका, काम झालं की आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवा. आणि कृपा करून राहत्या घरात फवारणी नको, धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या विषारी गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांच्या वायूने झोपलेली माणसं दगावतात.